खडीलाही चिठ्ठी हवी



उसाचा भाव कारखान्यात ठरतो असे आपण म्हणतो. पण त्या भावातला काही हिस्सा रस्त्यावर सांडतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. ऊस बिलातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो. ट्रॅक्टर पाणंदीत फसला, दुसरा ट्रॅक्टर लावून ओढावा लागला, ट्रॉलीचा आख मोडला, टायर फुटले, बैलाच्या पायाला इजा झाली, तर हा सगळा भुर्दंड आज ना उद्या वाहतूक दराच्या रूपाने आपल्याच बिलावर येतो. शिवाय तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. तो वाटेत वाळत पडला की वजन घटते, साखरेचे विघटन होते आणि उतारा उतरतो. उतारा उतरला की दर उतरतो. म्हणजे शिवारातला रस्ता हा ऊस पिकाचाच एक भाग आहे. लागण, खत, पाणी यांची जशी आपण काळजी करतो, तशीच त्याचीही करायला हवी.

आमचे काम ऊस विकासाचे. लागणीच्या नोंदी, बेणे, खोडवा व्यवस्थापन आणि तोडणीचा कार्यक्रम यासाठी आम्हाला वाडी-वस्तीवर रोज फिरावे लागते. त्यामुळे रस्ते होतानाही आम्ही पाहतो आणि उखडतानाही पाहतो. सभासदांची तक्रार ठरलेली असते: “साहेब, ठेकेदारानं खाल्लं.” कुठे तसे घडतही असेल. परंतु रस्ता बिघडतो तो दर वेळी लबाडीनेच बिघडतो असे नाही. बऱ्याच ठिकाणी माल पुरवणारा आणि रस्ता करणारा यांचे आपसात धड बोलणेच झालेले नसते. पैसा खर्च होतो, माल येतो, माणसे राबतात आणि तरीही रस्ता एका पावसाळ्यात बसतो. या लेखात त्याच गोष्टीचा विचार करू.

एक निरोप, चार तोंडे

आपल्या कारखान्यात एका दिवसात किती वाहने येतात, किती टोळ्या राबतात, याचा विचार करा. तरीही कोणाचा ऊस कोणाच्या नावावर जात नाही. का? तर चिठ्ठी आहे म्हणून. सभासदाचे नाव, गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा, टोळी कोणती, वाहन कोणते, हे सारे चिठ्ठीवर असते. को ८६०३२ ची चिठ्ठी असताना फुले २६५ आला तर काट्यावरच विचारणा होते. चिठ्ठीशिवाय मोळी गव्हाणीत पडत नाही.

आता रस्त्याचे पाहा. अंदाजपत्रकात खडीचे माप स्पष्ट लिहिलेले असते. ते अंदाजपत्रक असते कार्यालयात आणि त्याची प्रत असते मुख्य ठेकेदाराकडे. प्रत्यक्ष काम बहुधा उपठेकेदार करतो. ठेकेदार त्याला सांगतो, “६३ ते ४५ मिलिमीटरची खडी टाक.” उपठेकेदार मुकादमाला सांगतो, “६० ची खडी मागव.” मुकादम डंपरवाल्याला सांगतो, “मोठी खडी आण.” आणि डंपरवाला क्रशरवर जाऊन म्हणतो, “आहे ती भर, वेळ नाही.” चार तोंडांतून निरोप गेला आणि मापाचा पत्ताच राहिला नाही. क्रशरवाल्याला हा माल कोणत्या रस्त्यावर, कोणत्या थरात जाणार आहे याची कल्पनाही नसते. यात क्रशरवाल्याला दोष द्यायचा कसा? त्याने तर मागितले तेच दिले.

गौणखनिजाच्या गाडीबरोबर एक कागद असतोच, तो म्हणजे वाहतूक परवाना. पण तो स्वामित्वधनाच्या हिशेबासाठी असतो. दगड कसा आहे, माप काय आहे, तो कुठल्या थरासाठी आहे, हे त्यावरून रस्त्यावर उभ्या असलेल्या मुकादमाला कळत नाही. शासनाचा हिशेब पुरा होतो, रस्त्याचा अपुरा राहतो.

मुरूम : एका शब्दात दोन माल

आपला बराचसा ऊस नदीकाठच्या आणि कालव्याखालच्या खोल काळ्या जमिनीत आहे. ही जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. तिच्यावर रस्ता टिकवायचा तर खाली चांगल्या मुरमाचा भराव लागतो. पण ‘मुरूम’ या एका शब्दात कठीण, दाणेदार मुरूम येतो आणि मातीमिश्रित पिवळा मुरूमही येतो. पुरवठादाराला नुसते “मुरूम टाक” म्हटले की तो जवळच्या खाणीतला, हलक्या खर्चाचा मुरूम आणतो. उन्हाळ्यात दोन्ही सारखेच घट्ट दिसतात. फरक कळतो तो मृगाच्या पहिल्या सरीत, ट्रॅक्टरचे चाक रुतल्यावर.

यावर शेतकऱ्यालाही करता येईल अशी एक परीक्षा आहे. मुरमातला बारीक भाग चाळून घ्यावा, थोडा ओला करावा आणि तळहातावर वळावा. सुतळीसारखी, सुमारे ३ मिलिमीटर जाडीची लांब दोरी वळता आली तर त्यात चिकणमाती जास्त आहे असे समजावे. दोरी न होता तो चुरला तर मुरूम कामाचा. प्रयोगशाळेतही याच तत्त्वावर मातीची चिकटाई मोजतात. ही परीक्षा ठेकेदार आणि पुरवठादार या दोघांनी मिळून खाणीवरच, पहिली गाडी भरण्यापूर्वी केली तर पुढचा वाद टळतो. माल रस्त्यावर पडल्यावर तो परत न्या म्हणायला कोणाची जीभ वळत नाही.

खडी : माप, आकार आणि ब्रास

खडीकरणाच्या खालच्या थरात ६३ ते ४५ मिलिमीटरची आणि वरच्या थरात ५३ ते २२.४ मिलिमीटरची खडी वापरण्याची पद्धत आहे. प्रत्येक थर दाबून ७५ मिलिमीटर भरायचा असतो. त्यासाठी सुटी खडी सुमारे १०० मिलिमीटर पसरावी लागते. खडीच्या सांध्यांत बारीक चुरी व मुरूम भरून, पाणी मारून रोलर फिरवला की थर एकजीव होतो.

क्रशरवाल्याची अडचण मात्र वेगळी असते. त्याचे रोजचे गिऱ्हाईक घरबांधणीचे. त्यांना लागते २० मिलिमीटरची खडी आणि क्रश सँड. रस्त्याची मोठी खडी काढायची तर जबडा आणि चाळणी बदलून मशीन लावावे लागते. त्याला आठ-पंधरा दिवस आधी सांगितले तर तो तसा माल साठवून ठेवतो. सकाळी फोन करून दुपारी डंपर मागितला की मिळेल ते येते. मग चपटी, पातळ खडी येते, ती रोलरखाली मोडते. वरचा सडका दगड फोडलेला असला तर त्याचा चुरा होतो. दोन मापांचे ढीग एकाच जागी ओतले तर कोणता माल कोणत्या थराचा हे सांगायला कोणी उरत नाही.

आता मोजणीचा हिशेब मांडू. समजा रस्ता १ किलोमीटर लांब आणि ३.७५ मीटर रुंद आहे. एका थरासाठी सुटी खडी ३४० ते ४०० घनमीटर लागते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. तेव्हा खडी झाली १२० ते १४० ब्रास. किमान १२० ब्रास धरले आणि गाडी ३ ब्रासची मानली तर ४० खेपा होतात. पण गाडीत प्रत्यक्ष अडीचच ब्रास भरत असेल तर? ४० खेपांत १०० ब्रासच माल आला. खेपा बरोबर, चिठ्ठा बरोबर, पण ७५ मिलिमीटरचा थर ६२ वर आला. इथे ठेकेदार म्हणतो पुरवठादाराने कमी दिले, पुरवठादार म्हणतो मी गाडीवर भाव केला होता, ब्रासवर नाही. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात आणि रस्ता मात्र पातळ होतो.

म्हणून पहिल्या दिवशीच गाडीचा हौदा टेपने मोजून किती ब्रास धरायचे ते दोघांनी लिहून ठेवावे. काळ्या दगडाच्या खडीचे वजन साधारण ब्रासला सव्वाचार ते साडेचार टन भरते, त्यामुळे अधूनमधून एखादी गाडी काट्यावर घालून पडताळाही घेता येतो. आमची अशी सूचना आहे की बिगरहंगामात, जेव्हा कारखान्याचा काटा रिकामा असतो, तेव्हा आपल्या शिवारातील रस्त्याच्या खडीच्या गाड्यांचे वजन तिथे करून देण्याचा विचार संचालक मंडळाने करावा.

नळे : आधी खोदाई की आधी खडी?

पाणंदीला पाट, सारण्या आणि पाइपलाइनी आडव्या जातात. तिथे नळ्याची मोरी लागते. सिमेंटच्या नळ्यांत एनपी-२, एनपी-३, एनपी-४ असे वर्ग आहेत. एनपी-२ हलक्या वाहतुकीचा, एनपी-३ मध्यम आणि एनपी-४ जड वाहतुकीचा. बाहेरून पाहणाऱ्याला व्यास दिसतो, वर्ग दिसत नाही. “दोन फुटी नळे दहा पाठवा” एवढाच निरोप गेला तर स्वस्त वर्गाचे नळे येतात आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या वरून गेल्या की तडकतात. तेव्हा मागणीत व्यास आणि वर्ग दोन्ही लिहावेत.

दुसरी गोष्ट क्रमाची. नळे उशिरा आले म्हणून ठेकेदार थांबत नाही, कारण खडी येऊन पडलेली असते आणि रोलरचे भाडे चालू असते. तो थर दाबून मोकळा होतो. महिन्याने नळे येतात, मग तोच थर फोडून चर खोदतात आणि माती लोटून बुजवतात. पुढच्या हंगामात नेमका तिथेच खड्डा पडतो. हे चित्र आम्ही अनेक वस्त्यांवर पाहिले आहे. नळेवाल्याने तारीख चुकणार हे चार दिवस आधी कळवले असते तर खडीचे काम पुढच्या टप्प्यावर सुरू करता आले असते. एका निरोपाने वाचणारा रस्ता निरोप न मिळाल्याने गेला.

डांबर : घड्याळाचा माल

डांबरी माल हा उसासारखाच नाशवंत समजा. ऊस तासांत वाळतो, डांबरी माल तासांत थंड होतो. व्हीजी-३० डांबराचा माल प्लँटवर १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार होतो, पसरताना तो किमान १४० अंश असावा आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलरचे दाबकाम उरकावे. प्लँट लांब असेल, गाडीवर ताडपत्री नसेल किंवा इकडे रोलर बंद पडला असेल तर माल ढेकळासारखा होतो. तो पसरला तरी नीट दाबला जात नाही, आणि पहिल्याच पावसात खडी सुटते.

प्लँटवरून गाडी सुटली की साइटवर वेळ कळली पाहिजे आणि साइटवर रोलर बिघडला की प्लँटवर “पुढची गाडी भरू नका” असे कळले पाहिजे. हा निरोप मिनिटांचा आहे. मागणीची भाषाही एकच हवी. पूर्वी डांबर ८०/१००, ६०/७० अशा आकड्यांनी ओळखत. २००६ साली भारतीय मानकात व्हीजी-१०, व्हीजी-३० अशी प्रतवारी आली. अजूनही काही जण जुन्या आकड्यांत बोलतात, काही नव्या. म्हणून तोंडी न सांगता लिहून द्यावे. तसेच खडीवर धूळ किंवा ओल असली तर डांबर धरत नाही, हे डांबरवाल्याइतकेच खडीवाल्यालाही माहीत असावे.

आपल्याकडची माहितीही द्यायला हवी

इथवर आपण पुरवठादार आणि ठेकेदार यांचेच बोललो. पण एक माहिती फक्त आपल्याकडे असते, ती म्हणजे रस्त्यावरून काय जाणार आहे. पूर्वी लोखंडी धावेच्या बैलगाड्या होत्या, त्या खडी कापत. मग रबरी टायरच्या गाड्या आल्या, आणि आता दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर व ट्रक. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मोठी रस्ता-चाचणी झाली. तिच्यातून असा ठोकताळा निघाला की आखावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. म्हणजे जादा भरलेली एक खेप शेकडो मोटारसायकलींपेक्षा भारी पडते.

रस्त्याची मोजणी आषाढात झाली तर उसाचे एकही वाहन दिसणार नाही आणि जाडी कमी धरली जाईल. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील १९२७ च्या समितीच्या शिफारशीतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. ग्रामीण रस्त्यांसाठी तिची जी एसपी-७२ ही मार्गदर्शिका आहे, तिच्यात सुगीच्या दिवसांतील वाढीव वाहतूक धरण्याची सोय आहे. सोय आहे, पण माहिती कोण देणार? आमच्या गट कार्यालयात कोणत्या पाणंदीवर किती क्षेत्राचा ऊस आहे याची नोंद असते. ती अंदाजपत्रक होण्याआधी ग्रामपंचायतीने मागून घ्यावी आणि अभियंत्यांना द्यावी.

कामाच्या वेळेचेही तसेच आहे. पाऊस उघडला की रस्त्याचे काम निघते आणि त्याच वेळी आपला गळीत हंगाम सुरू होतो. ओल्या मुरमावरून भरलेली ट्रॉली गेली की झालेले काम मातीत जाते. ठेकेदाराने तारखा आधी सांगितल्या तर त्या रस्त्यावरची तोडणी आठ-दहा दिवस मागे-पुढे करण्याचा प्रयत्न आम्ही करू शकतो. पण काम सुरू झाल्याचे आम्हाला रोलर दिसल्यावर कळले, तर तोवर टोळी फडात शिरलेली असते.

चिठ्ठीत काय असावे?

आमची सूचना साधी आहे. मालाच्या प्रत्येक गाडीबरोबर दोन प्रतींत एक चिठ्ठी असावी. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात:

१) रस्त्याचे नाव आणि कितव्या मीटरपासून कितव्या मीटरपर्यंतचा टप्पा.
२) माल कोणता आणि कोणत्या थरासाठी.
३) खडीचे माप, नळ्याचा व्यास व वर्ग, किंवा डांबराची प्रत.
४) खाण किंवा क्रशर कोणता.
५) हौद्याच्या मापाने किती ब्रास, वजन केले असल्यास किती टन.
६) गाडी सुटल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ.
७) भरणाऱ्याची सही आणि उतरवून घेणाऱ्याची सही.

माल नापसंत असेल तर गाडी उतरवण्याआधी चिठ्ठीवर कारण लिहावे. एक प्रत पुरवठादाराकडे, एक ठेकेदाराकडे. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, तेव्हा चिठ्ठीचा फोटो काढून अभियंत्याला पाठवायलाही वेळ लागत नाही. फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते. चिठ्ठी मात्र बिलाच्या दिवशी आणि खड्ड्याच्या दिवशीही बोलते.

यात पुरवठादाराचाही फायदा आहे. माल चांगला देऊनही पैसे अडकतात ही त्याची खरी तक्रार असते आणि जुनी बाकी थकली की माणूस हाताला लागेल तो माल पाठवतो. सही केलेली चिठ्ठी हा त्याचा पुरावा. ठेकेदाराचा फायदा तर उघडच आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली, तिच्यात बांधणीनंतर ५ वर्षांची देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. पुरवठादाराची जबाबदारी हौदा रिकामा झाला की संपते, ठेकेदाराची पाच वर्षे संपत नाही. मग माल तपासून घेण्याची निकड कोणाला जास्त?

काम सुरू होण्यापूर्वी एकदा ठेकेदार, उपठेकेदार, क्रशरवाला, नळेवाला, अभियंता आणि गावचे दोन जाणते शेतकरी एकत्र बसावेत. चहाचा एक कप होईपर्यंत मालाचा क्रम, तारखा, मापे आणि कोणी कोणाला फोन करायचा हे ठरते. पानावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. २०२१ साली शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, तेव्हापासून पाणंदींची कामे गावाच्या दारात आली आहेत. तिथे तर अशी बैठक ग्रामपंचायतीच्या ओट्यावरही होऊ शकते.

सभासदांनी काय करावे?

रस्ता चांगला हवा तर आपल्याकडूनही चार गोष्टी व्हायला हव्यात. शेतातले पाणी रस्त्यावर सोडू नये, कारण पाणी हा रस्त्याचा सर्वांत मोठा वैरी. बाजूची चर नांगरून शेतात घेऊ नये. नवा थर सुकेपर्यंत भरलेले वाहन त्यावर घालू नये. आणि रस्त्यावरचा माहितीफलक वाचून, माल पाहून, शंका असेल तर भांडण न करता चिठ्ठी मागावी. “ही खडी कोणत्या थराची?” एवढा एक प्रश्न शांतपणे विचारला तरी काम करणारा माणूस सावध होतो.

उसाच्या धंद्यात आपण एक गोष्ट शिकलो आहोत. हजारो सभासद, शेकडो टोळ्या आणि वाहने एका चिठ्ठीच्या आधारावर सुरळीत चालतात. रस्त्याच्या कामात तर माणसे मोजकीच. त्यांनी एकमेकांशी वेळेवर आणि लेखी बोलावे, एवढीच अपेक्षा आहे. ज्या गावी येत्या हंगामापूर्वी पाणंदीचे किंवा रस्त्याचे काम निघणार असेल, तेथील सभासदांनी आपल्या गट कार्यालयात कळवावे. चिठ्ठीचा नमुना तेथे ठेवलेला आहे, आणि बैठकीला आमचा माणूस येईल.

— ऊस विकास अधिकारी